साहेबाच्या बंगल्यातली खुर्ची

पंचावन्नाव्या वर्षी बाईमाणसानं काय करावं हे मला जितक्या लोकांनी सांगितलं, तितक्या लोकांनी मला उभ्या जन्मात कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आमचे मालक गेले, वर्षश्राद्ध झालं, शेत धाकट्या दिरानं कसायला घेतलं आणि मी घोडेगावाजवळचं आमचं गाव सोडून जुन्नरला मुलाकडे राहायला आले. आल्या दिवसापासून सगळे हात धुऊन मागे लागले. विहीणबाई तुळशीची माळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "आता हिच्यात मन रमवा." शेजारच्या घरातले निवृत्त मास्तर म्हणाले, "आता कशात गुंतू नका, आजी." जावा म्हणाल्या, "भीमाशंकरला जाऊन या, जिवाला बरं वाटंल." माझ्या जिवाला काय झालं होतं ते कुणी विचारलं नाही. माझ्या जिवाला काहीच झालं नव्हतं. पाठ तेवढी दुखत होती.

पाठ दुखायचं कारण सांगते. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात गेले, तेव्हापासून भातलावणी, खुरपणी, काढणी, जनावरांचं शेण, विहिरीचं पाणी. चाळीस वर्षं वाकूनच गेली. माणूस वाईट नव्हतं आमचं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण बाजार त्यांचा. मीठ तेच आणायचे, लुगडं तेच आणायचे, माझ्या पायातली चप्पलसुद्धा सुतळीनं माप घेऊन तेच आणायचे. एकदा मी म्हटलं होतं, मला निळ्या काठाचं लुगडं हवं. ते हिरव्या काठाचं घेऊन आले आणि म्हणाले, "हे टिकाऊ हाय." खरंच टिकलं ते. इतकं टिकलं की त्याचा मला कंटाळा आला. शेतात पिकवलेलं एक वांगंसुद्धा मी माझ्या हातानं विकलं नाही, आणि दुसऱ्यानं पिकवलेलं एक वांगं माझ्या हातानं विकत घेतलं नाही. सुई कुठं मिळते हे मला पंचावन्नाव्या वर्षी जुन्नरला कळलं.

ते मला भाभीनं दाखवलं. भाभी आमच्या मागच्या बोळात राहायची. तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या हातकागद व्हायचा. तो धंदा बसला, नवरा गेला, मुलानं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. ती माझ्याच वयाची, माझ्यासारखीच रिकामी झालेली, पण तिला त्या रिकामपणाची लाज नव्हती. पहिल्यांदा आमची गाठ पडली ती पाण्याच्या नळावर. माझी पिशवी बघून म्हणाली, "बाजाराला निघालात? आत्ता? या वेळेला कोण जातं?"

"मग कधी जायाचं?"

"बाजार उठताना. उन्हं कलली की. तवा दुकानदाराला घर दिसाय लागतं."

मग दर बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी उन्हं कलली की निघायचो. त्या वेळचा बाजार ज्यानं पाहिला नाही त्याला त्यातली मजा सांगून कळायची नाही. सकाळी ताठ मानेनं बसलेली माणसं दुपारनंतर सैल होतात. ओतूरकडून आलेला कांदेवाला बैल जुंपायच्या घाईत असतो. पेरूवालीच्या पाटीत तळाला पाखरांनी टोचलेले, वास सुटलेले पेरू उरलेले असतात. कापडवाला ठाणाचे शेवटचे तुकडे गुंडाळत असतो. आणि आमची जोडी ठरलेली. मी वस्तू हातात घ्यायची आणि खाली ठेवायचीच नाही. भाभीनं नाक मुरडायचं.

"ह्याला रंग राहायचा न्हाई," भाभी म्हणायची.

"मला तर बरं वाटतंय," मी म्हणायची.

"तुमाला काय, समदंच बरं वाटतं. चला."

मग मी वस्तू ठेवून चार पावलं जायची आणि मागं वळून बघायची, फार हळहळून. बहुतेक वेळा पाचव्या पावलाला हाक यायची, "ओ आजी, या मागारी! घेऊन टाका!" ती हाक ऐकली की मला अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. असं निळ्या काठाचं कापड मी घेतलं, पुरतं लुगड्याचं नव्हतं, पण दोन चोळ्या झाल्या. कानाचा टवका उडालेले चिनीमातीचे कप घेतले, वर गुलाबी फूल होतं. चहा टवक्यातून कधी गळतो का? आणि मग सगळं झालं की गरम कांदाभजी, कागदात, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसून. भाभी मिरची मला द्यायची, मी तिला कुरकुरीत कडा द्यायची. एवढंच. कुणाचं काही घेतलं नाही, कुणाला शिवी दिली नाही, देवाच्या वाट्याचं काही खाल्लं नाही.

तर एवढंसुद्धा लोकांच्या डोळ्यांत खुपलं.

माझा मुलगा एका कचेरीत कारकून होता. गरीब स्वभावाचा, पण इभ्रतीला फार जपणारा. एक दिवस संध्याकाळी आला तो टोपी खुंटीला न लावताच माझ्यापुढे उभा राहिला.

"आई, परवा तू पायऱ्यांवर बसून भजी खात होतीस?"

"व्हय. गरम व्हती."

"आमच्या हेडक्लार्कच्या बायकोनं पाहिलं. फुटक्या कपांसाठी तू दुकानदाराशी हुज्जत घालत होतीस तेही पाहिलं. आज कचेरीत हेडक्लार्कनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्याकडं काही अडचण आहे का? मी मेल्याहून मेल्यासारखा झालो."

"कसली अडचण?"

"लोकांना वाटतं मी तुला उपाशी ठेवतो!"

मी म्हटलं, उपाशी माणूस भजी वाटून खात नाही. पण तो ऐकायला आलाच नव्हता. म्हणाला, "उद्यापासून बाजार मी आणीन. तुला काय हवं ते सांग. या वयात घरात बसायचं, देवाचं नाव घ्यायचं. काय कमी आहे तुला?"

काय कमी आहे तुला! माझ्या हयातीत मला हा प्रश्न तीन पुरुषांनी विचारला. बापानं, नवऱ्यानं आणि मुलानं. उत्तरासाठी त्यांतला एकही थांबला नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुःखानं नव्हे, संतापानं. याला चालायला मी शिकवलं, याला पाटी-पेन्सिल मी घेऊन दिली नाही कारण बाजार माझा नव्हता, पण त्यासाठी भांडले मी. आणि आता हा मला सांगणार, पायऱ्यांवर बसू नकोस!

पुढच्या बाजाराला तो स्वतः गेला. सकाळी दहाला. जून वांगी आणली, आत सगळ्या बिया. मेथीची जुडी आतून पिवळी. आणि भाव सांगितला तेव्हा मला घेरी यायची बाकी राहिली. "घासाघीस केली न्हाईस?" मी विचारलं. म्हणाला, "ते आपल्याला शोभत नाही." मी ती वांगी त्याच्यापुढे सारली आणि म्हटलं, "मग चिर तूच." सून तोंडाला पदर लावून आत गेली. हसली की घाबरली, तेव्हा मला कळलं नाही. ती मुलगी फार बोलत नसे.

मी बाजाराला जायची थांबले नाही. फक्त आता बोळातून मागच्या वाटेनं जायचे, चोरासारखी. आणि त्या चोरासारखं जाण्याचाच मला जास्त राग होता.

अशात एका मोठ्या साहेबाची बदली झाली. गावाबाहेर त्याचा बंगला होता. सामान फार, आणि जायचं लांब, म्हणून नको असलेलं तो बंगल्याच्या आवारातच लिलावानं विकणार होता. ही बातमी भाभीनं आणली. तिला तिथली पितळी समई हवी होती, नाही, समई नव्हे, पितळी कंदील. माझ्या मनात काहीच नव्हतं. नुसतं बघायला जाऊ म्हटलं. बघायला पैसे पडत नाहीत, आणि दिरानं दिलेले वाटाण्याच्या पिकाचे माझे पैसे कमरेला होतेच.

आवारात पुरुषांची ही गर्दी. बाया आम्ही दोघीच. कपाटं, पलंग, हरणाची शिंगं, गोऱ्या मडमेच्या काळापासूनचं एक धुणं वाळत घालायचं घोडं. आणि जांभळीच्या झाडाखाली ती खुर्ची. लांब पाठीची, वेताची, हात पुढे फळीसारखे रुंद. मी तसली खुर्ची लांबून पाहिली होती. शेतसारा भरायला मालकांबरोबर एकदा गेले होते, तेव्हा व्हरांड्यात एक अंमलदार तसल्या खुर्चीत पडला होता आणि आम्ही सगळे खाली उन्हात उभे होतो.

मी जवळ गेले आणि बसले.

शिपाई धावत आला. "ओ आजी, उठा, उठा! साहेबाची खुर्ची हाय ती."

"इकायला काढलीय ना?"

"काढलीय."

"मग बसून बघितल्याबिगर कशी घ्यायची?"

मी मागं रेलले. काय सांगू! चाळीस वर्षं जी पाठ मी नुसती ओढत आणली, ती त्या वेतावर टेकली आणि कुणीतरी मागून हात धरल्यासारखी शांत झाली. वर जांभळीची पानं दिसत होती. मला वाटलं, हे सुख रोज संध्याकाळी ही माणसं घेत होती? आणि मला मात्र तुळशीची माळ? रागानं माझे कान तापले. तिथंच ठरवलं, ही खुर्ची माझ्या घरी येणार.

उठले ती मात्र तोंड वाकडं करूनच. लाकडाच्या वखारीचा मालक आणि एक वकील, दोघंही खुर्चीवर डोळा ठेवून होते हे भाभीनं मघाशीच खुणावलं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "भाभी, पायाला भुंगा लागलाय गं."

"बघू," म्हणून भाभी वाकली. "अगं बया! पीठ पडतंय."

एक भोक होतं खरं. पीठ नव्हतं. मग मी खुर्चीचा हात हलवून बघितला, तो कुरकुरला. "आन् ह्यो वेत बगा, मधी तुटलाय. विणायला कोण मिळतंय आता?" वखारवाला वाकून बघायला लागला. लाकडातला माणूस, एकदा भोक दिसल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. वकील म्हणाला, "आजी, इतकी वाईट आहे तर तुम्हाला कशाला?" मी म्हटलं, "मोडीत निघाली तर चुलीला होईल, राव." लोक हसले. शिपायानं बोली पुकारली. मी सगळ्यांत आधी एक हलका आकडा बोलले, इतका हलका की शिपाई साहेबाकडे बघायला लागला. वकिलानं थोडं चढवलं, मी त्याच्यावर थोडं. वकील म्हणाला, "जाऊ द्या, चुलीपायी काय भांडायचं." एक बार, दोन बार, तीन बार. खुर्ची माझी.

साहेब व्हरांड्यात उभा होता. तो हसून म्हणाला, "बाई, खुर्ची चांगली आहे बरं का." मी म्हटलं, "म्हाईत हाय मला."

तेवढ्यात मला माझा मुलगा दिसला. कचेरीतली आणखी दोघं-तिघं होती, फाटकापाशी कडुनिंबाखाली. त्यानं सगळं पाहिलं होतं. माझी त्याची नजरानजर झाली. मी हात वर केला, तो आनंदानंच केला, इतकी मी त्या क्षणी सगळं विसरले होते. आणि त्यानं तोंड फिरवलं. शिवनेरी किल्ला जन्मात पहिल्यांदा दिसल्यासारखा तो तिकडे टक लावून उभा राहिला. बरोबरच्यानं त्याला काही विचारलं तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली. काय विचारलं असेल ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरज नव्हती.

माझा हात तसाच वर राहिला होता. भाभीनं तो धरून खाली घेतला. म्हणाली, "चला, हातगाडीवाला बघू." तिनं कंदील घेतलाच नाही त्या दिवशी.

हातगाडीवर खुर्ची आणि मागे आम्ही दोघी, अशा भर पेठेतून आलो. मागच्या बोळानं नाही. दुकानांतनं माणसं उठून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "आजी, वरात कुनाची?" भाभी म्हणाली, "नवरदेव बसायचा हाय अजून!" मी हसले, पण आतून मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचासुद्धा राग येत होता.

घरी मुलगा आठ दिवस बोलला नाही. खुर्ची पुढच्या खोलीत कोपऱ्यात उभी होती. मी बसायला गेले की तो उठून बाहेर जायचा. मग एक दिवस पाण्याहून आले तर हा खुर्चीत! पाय लांब सोडलेले, वर्तमानपत्र तोंडापुढे. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आल्याबरोबर सदरा काढून तो आधी खुर्चीत, मग पाणी. मी मनात म्हटलं, दमून येतो, बसू दे.

पण त्याच्या पुढची गोष्ट मी विसरणार नाही. एका रविवारी हेडक्लार्क आले, त्यांच्याबरोबर घोडेगावचे एक गृहस्थ. मी आत चहा ओतत होते. बाहेरून आवाज आला, "वा! खुर्ची झकास आहे. कुठून आणलीत?"

आणि माझा मुलगा म्हणाला, "साहेबांच्या बंगल्यातली. लिलावात घेतली. वखारवाला मागे लागला होता, पण मी असा घोळात घेतला त्याला! म्हटलं, पायाला भुंगा लागलाय. तो बघतच बसला. मोडीच्या भावात पडली."

चोरी काय फक्त डब्यातल्या पैशांची होते? माझं बोलणं, माझी अक्कल, माझा भुंगासुद्धा यानं उचलला होता! ज्या दिवशी मला आई म्हणायची वेळ होती त्या दिवशी यानं किल्ला पाहिला, आणि आता माझी घासाघीस याला शोभायला लागली होती.

सून म्हणाली, "आत्याबाई, मी नेते चहा."

"नको," मी म्हटलं. "मीच नेते." ते टवका उडालेले गुलाबी फुलांचे कप मुद्दाम घेतले.

बाहेर जाऊन चहा ठेवला आणि पाहुण्यांना म्हटलं, "पावणं, खुर्ची मी घेतली. वखारवाल्याला भुंगा मी दाखवला. ह्यो तवा कडुनिंबाखाली हुबा व्हता, आन् आपल्या आईला वळखत नव्हता."

मुलाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मी म्हटलं, "ऊठ. मला बसायचंय."

तो उठला. मी बसले, पुरुष पाहुण्यांसमोर, पाय पुढे घेऊन. हेडक्लार्क बिचारे चांगले निघाले. कपाकडे बघत म्हणाले, "आजी, माझ्या आईलाही बाजाराचं फार वेड होतं. आम्ही जाऊ दिलं नाही." एवढंच बोलून त्यांनी चहा संपवला. माझा राग त्यानं कमी झाला नाही. उलट त्या न पाहिलेल्या बाईच्या वाटणीचाही वाढला.

मुलगा मला कधी 'चुकलो' म्हणाला नाही. माझी तशी अपेक्षाही नव्हती, त्याच्या बापानंही कधी म्हटलं नव्हतं. खुर्ची मी मागच्या दारी पडवीत नेली. दुपारी भाभी यायची. तिला खुर्चीत बसवलं तर म्हणायची, "पाय लटकल्यागत वाटतं बाई," आणि खाली भिंतीला टेकून बसायची. मी वर, ती खाली, मध्ये सुपारी. बाजाराला आता मी पुढच्या दारानं जायचे आणि मुलगा घरात असला तर मुद्दाम पिशवी झटकून जायचे.

एका बाजाराला निघताना सून दारात आली. हातात तिची पिशवी. खाली बघत म्हणाली, "मी येऊ का तुमच्याबरोबर?"

तिला नेलं. पहिल्याच दुकानात तिनं बांगड्यांचा भाव विचारला, दुकानदारानं सांगितला, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तिनं पैसे काढून दिलेसुद्धा! भाभीनं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "अगं, निदान तोंड तरी वाईट करायचंस!" ती इतकी हसली, इतकी हसली की तिला पायऱ्यांवर खाली बसवावं लागलं. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं. भजी तिघींनी खाल्ली. यापुढे तिला उन्हं कलायच्या आधी घराबाहेर काढायचं नाही असं भाभीनं मला बजावलं.

त्याच उन्हाळ्यात मुलगा कामाला पुण्याला गेला आणि येताना यष्टीच्या टपावरून एक आरामखुर्ची घेऊन आला. नवी कोरी, स्वतःसाठी. पुढच्या खोलीत मांडली, वर पंचा घातला. मी काही बोलणार नव्हते. पण तोंडून विचारलं गेलंच, "केवढ्याला?"

त्यानं सांगितलं.

"त्यो म्हणाला तेवढेच दिलेस?"

"दुकानात पाटी होती. एकच भाव."

मी हात लावून बघितला. वेत ढिला, हात अरुंद, लाकूड कसलं ते देव जाणे, वरून नुसतं रोगण. एकच भाव म्हणे! मला दोन दिवस झोप लागली नाही. भाभीला सांगितलं तर ती म्हणाली, "पुण्याला कोण गेलं व्हतं बरोबर?" मी म्हटलं, कुणी नाही, एकटाच. "मग नाक कोण मुरडणार?" ती म्हणाली.